कार्व्हरची वाट आणि वाटेवरचीं संग्रहालयें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा जो भाग तेथील लोक ‘मिडवेस्ट’, म्हणजे मध्यपश्चिम, या नांवानें ओळखतात, तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं असा समज खुद्द त्या देशांतहि रूढ आहे. पूर्वेस न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, पश्चिमेस कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. मध्यें मैलोगणती मक्याचीं आणि गव्हाचीं शेतें, आणि त्या शेतांच्या पोटांत पाण्याची एक उंच टांकी, धान्याचें एक पांढरें कोठार, चर्चचा मनोरा व न्यायकचेरी एवढेंच ज्यांचें वैभव अशीं लहान लहान गांवें. उतारूंची आगगाडी आतां त्यांपैकीं बहुतेक गांवांत थांबत नाहीं; विमानानें जाणारा तीं वरच्यावर ओलांडून जातो. तेव्हां या गांवांची ओळख करून घ्यावयाची तर एकट्यानें मोटार घ्यावी, मोठा राजमार्ग सोडावा आणि जुन्या दुपदरी सडकेनें मुक्काम करीत जावें, हाच एक उपाय उरतो.

असा एकटा निघालेला प्रवासी दोन चार दिवसांत एक गोष्ट हेरतो. गांव कितीहि लहान असो, त्याला स्वतःचें संग्रहालय असतें. कधीं तें जुन्या तुरुंगांत असतें, कधीं बंद पडलेल्या स्टेशनांत, कधीं ओस पडलेल्या शाळेंत. देखरेखीला बहुधा गांवांतलींच सेवानिवृत्त माणसें. तीं दार उघडतात, दिवे लावतात आणि पाहुणा एकटा असला तर त्याच्याबरोबर खोल्याखोल्यांतून हिंडतात. आंत काय असतें? डॉक्टरची पेटी, कुणा आजीचा लग्नांतला झगा, शिवणाचें यंत्र, हातानें फिरवावयाचें मक्याचे दाणे सोलण्याचें यंत्र, महायुद्धांतील गणवेष, शाळेचा हजेरीपट. पहिलें संग्रहालय पाहून कौतुक वाटतें, पांचव्यांत कंटाळा येतो आणि दहाव्याच्या सुमारास प्रश्न पडूं लागतो कीं या कपाटांत काय ठेवलें आहे यापेक्षां काय ठेवतां आलें नाहीं, याचा विचार करावयास नको काय?

हा विचार करावयास एक फार चांगलें सूत्र मराठी माणसाच्या घरींच आहे. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें पुस्तक १९८१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत घरच्या माणसासारखें झालें. भुईमूग व रताळीं यांपासून शेंकडों उपयुक्त पदार्थ करून दाखविणारा, कपाशीनें निःसत्त्व झालेल्या जमिनीला जीवदान कसें द्यावें हें गरीब शेतकऱ्यांना शिकविणारा हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आपल्याला माहीत आहे तो टस्कीगीचा. परंतु टस्कीगी दक्षिणेंत, अलाबामा संस्थानांत आहे, आणि १८९६ सालीं तो तेथें गेला तेव्हां त्यानें तिशी ओलांडली होती. त्याआधींचें त्याचें सर्व आयुष्य याच मध्यपश्चिमेंत, मिसूरी, कॅन्सास व आयोवा या तीन संस्थानांतील लहान गांवांत, भटकण्यांत गेलें. अमुक गांवीं शाळा आहे असें कानावर यावें, पाठीवर गांठोडें टाकून पोरानें निघावें, तेथें कुणाचे कपडे धुवावे, कुणाचा स्वयंपाक करावा आणि उरल्या वेळांत शिकावें, असा तो क्रम होता. ही वाट आज मोटारीनें धरली तर ती हजाराहून अधिक मैलांची भरते. प्रवासी एकटा असतो. तोहि एकटाच होता. साम्य तेवढ्यापुरतेंच.

वाटेचा आरंभ मिसूरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील डायमंड या खेड्याजवळ होतो. मोझेस व सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याचें शेत येथें होतें. गुलामगिरी मोझेसला मनापासून मान्य नव्हती असें सांगतात. तथापि १८५५ सालीं त्यानें मेरी नांवाची तेरा वर्षांची मुलगी सातशें डॉलरांस विकत घेतली, आणि त्या व्यवहाराचें खरेदीखत झालेलें आहे. तत्त्व आणि खरेदीखत हीं दोन्ही एकाच घरांत नांदूं शकतात, हें इतिहासाच्या अभ्यासकांना नवीन नाहीं. जॉर्ज हा या मेरीचा मुलगा. त्याचा जन्म १८६४ चा कीं १८६५ चा, याची कोठेंच नोंद नाहीं. गुलामांच्या जन्मतिथि कोण लिहून ठेवणार? यादवी युद्धाच्या धामधुमींत लुटारूंच्या टोळीनें आईला व तान्ह्या जॉर्जला पळवून नेलें. मोझेसनें शोधासाठीं माणूस पाठविला. पोर परत आलें, आई आली नाहीं. शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून मोझेसनें आपला एक चांगला घोडा दिला.

कार्व्हरचा मृत्यु ५ जानेवारी १९४३ रोजीं झाला, आणि त्याच वर्षींच्या १४ जुलैस राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्याच्या जन्मस्थानास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर सही केली. कृष्णवर्णीय अमेरिकनाच्या नांवें झालेलें हें पहिलें राष्ट्रीय स्मारक होय. महायुद्ध ऐन भरांत असतां, आणि त्या युद्धांत लढणाऱ्या कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणी वेगळ्या असतां, हा कायदा झाला हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तेथें आज झाडींतून जाणारी पायवाट आहे, झरा आहे, मोझेसनें १८८१ सालीं बांधलेलें घर आहे, कुटुंबाचें कबरस्तान आहे. ज्या खोपटांत जॉर्ज जन्मला तें मात्र नाहीं. त्याच्या जागीं जमिनीवर ओंडक्यांची एक चौकट तेवढी मांडून ठेवली आहे. खोली केवढी होती हें तीवरून कळतें. गंमत अशी कीं तेथून शेंकडों मैल दूर, मिशिगनमधील डिअरबॉर्न येथें, हेन्री फोर्ड यांनीं १९४२ सालीं आपल्या संग्रहालयाच्या आवारांत त्या खोपटाची प्रतिकृति उभी केली. खोपट पाहावयाचें तर तिकडे जावें आणि त्याची रिकामी जागा पाहावयाची तर डायमंडला यावें. दोहोंपैकीं रिकामी जागाच अधिक खरी वाटते.

डायमंडच्या शाळेंत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून सुमारें बारा वर्षांचा जॉर्ज जवळच्या निओशो गांवीं चालत गेला. तेथें मरायाह व अँड्र्यू वॉटकिन्स या निपुत्रिक कृष्णवर्णीय दांपत्यानें त्याला आश्रय दिला. मरायाह सुईणीचें काम करी आणि लोकांचे कपडे धुई. शाळा कुंपणापलीकडेच होती. मधल्या सुटींत पोर कुंपणावरून उडी मारून येई, पुस्तक समोर ठेवून धुणें करी आणि घंटा झाली कीं परत जाई. आजवर तो ‘कार्व्हरचा जॉर्ज’ होता. येथून पुढें तूं ‘जॉर्ज कार्व्हर’ आहेस, असें मरायाहनें त्याला सांगितल्याची कथा आहे. एका षष्ठीच्या प्रत्ययानें माणूस कुणाच्या मालकीची वस्तु होतो, आणि तो काढला कीं माणूस होतो. व्याकरण शिकविणाऱ्यांनीं हें उदाहरण अवश्य वापरावें. ती छोटी लाकडी शाळा अद्याप उभी आहे. मध्यंतरीं तिचें राहतें घर झालें होतें आणि जुन्या भिंती नव्या आवरणांखालीं झांकून गेल्या होत्या. त्या आवरणांमुळेंच त्या टिकल्या.

निओशोच्या मास्तरांपाशीं होतें तें सारें थोड्याच काळांत शिकून झालें. कॅन्साससकडे निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडींत जागा मिळाली, आणि पोर फोर्ट स्कॉट येथें आला. हें गांव एका लष्करी ठाण्याभोंवतीं वाढलें. १८४२ सालीं हें ठाणें स्थापन झालें तें मूळ रहिवासी जमाती आणि गोरे वसाहतवाले यांच्यामधील ‘कायमची सरहद्द’ राखण्यासाठीं. ती कायमची सरहद्द पुरतीं बारा वर्षेंहि टिकली नाहीं. आज ठाण्याच्या इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून उत्तम राखल्या आहेत: कवायतीचें मैदान, अधिकाऱ्यांचीं घरें, तबेला, पाव भाजण्याची भट्टी. शिपायाला रोज किती पाव मिळे इथपर्यंतची माहिती प्रवाशाला मिळते.

याच गांवांत, २६ मार्च १८७९ च्या रात्रीं, एका कृष्णवर्णीय कैद्याला जमावानें तुरुंगांतून ओढून काढलें, फरफटत नेलें, टांगलें आणि जाळलें. रस्त्यावरच्या एका घरीं स्वयंपाकाचें काम करणाऱ्या चौदा पंधरा वर्षांच्या कार्व्हरनें तें पाहिलें आणि लगोलग गांव सोडलें. त्या रात्रीची भीति अजूनहि मनांतून गेलेली नाहीं, असें त्यानें म्हातारपणीं लिहून ठेवलें आहे. येथेंच प्रवाशाच्या मनांतला तो प्रश्न पुढें उभा राहतो. पाव भाजण्याची भट्टी जपतां येते. भीति कशी जपावी? ज्या पोरानें त्या रात्रीं गांव सोडलें त्यानें मागें कांहींच ठेवलें नाहीं. संग्रहालय हें वस्तूंचें असतें आणि पळून जाणाऱ्याची वस्तु गांवांत उरत नाहीं. यांत गांवकऱ्यांचा लपविण्याचा हेतु असलाच पाहिजे असें नाहीं. पण परिणाम लपविल्यासारखाच होतो.

तथापि फोर्ट स्कॉटची गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. छायाचित्रकार, लेखक व चित्रपटदिग्दर्शक गॉर्डन पार्क्स १९१२ सालीं याच गांवीं जन्मला, वेगळ्या काळ्या शाळेंत शिकला आणि आई वारल्यावर किशोरवयांत गांव सोडून गेला. १९५० सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें त्याला वेगळ्या शाळांच्या विषयावर चित्रमालिका करावयास पाठविलें. त्यानें आपले जुने वर्गसोबती शोधून काढले. वर्गांतले बहुतेक जण त्याच्यासारखेच गांव सोडून शिकागो, सेंट लुई अशा शहरांत पांगले होते! तीं छायाचित्रें त्या वेळीं छापलीं गेलीं नाहींत. पुष्कळ वर्षांनीं तीं प्रदर्शनांतून लोकांपुढें आलीं. आज गांवांतील महाविद्यालयांत पार्क्सच्या नांवाचें संग्रहालय आहे, आणि २००६ सालीं वारल्यावर त्याला पुरलें तेंहि याच गांवीं. कार्व्हरजवळ कॅमेरा नव्हता, पार्क्सजवळ होता. एकाच गांवांतून गेलेल्या दोघांपैकीं एकाची आठवण वस्तुरूपानें परतली, ती एवढ्यामुळें.

पुढें ओलाथी, तेथून मिनीॲपोलिस. हें मिनेसोटांतलें मोठें शहर नव्हे. कॅन्सासमध्येंहि त्याच नांवाचें एक लहान गांव आहे. येथें कार्व्हर चार वर्षांच्या आसपास राहिला, कपडे धुण्याचा धंदा चालविला आणि माध्यमिक शाळेंत शिकला. गांवांत दुसरा एक जॉर्ज कार्व्हर असल्यामुळें टपालाचा घोटाळा होई, म्हणून यानें आपल्या नांवांत इंग्रजी ‘डब्ल्यू’ हें अक्षर घातलें. तें कशाचें, असें कुणीसें विचारलें तेव्हां ‘वॉशिंग्टन’चें असें सांगून मोकळा झाला, अशी आख्यायिका आहे. गांवाजवळ वाळूच्या दगडाचे सुमारें दोनशें प्रचंड गोळे माळावर पसरलेले आहेत. कांहींचा व्यास वीस फुटांहून अधिक. दगड आणि वनस्पति गोळा करीत हिंडणाऱ्या मुलाच्या पायांखालून ती जागा सुटली असेल असें वाटत नाहीं.

आतां हायलंड. कॅन्सासच्या ईशान्य टोंकाला हें चिमुकलें गांव आहे आणि १८५८ ची सनद असलेलें येथील महाविद्यालय त्या संस्थानांतील सर्वांत जुनें म्हणून अभिमानानें सांगितलें जातें. १८८५ सालीं कार्व्हरनें टपालानें अर्ज केला. टपालानें प्रवेश मंजूर झाला. तो तेथें पोंचला. त्याचा चेहरा पाहिल्यावर प्रवेश रद्द झाला. येथें काळे विद्यार्थी घेत नाहींत, असें त्याला सांगण्यांत आलें. प्रसंग दोन मिनिटांचा असेल. गांवापासून जवळच प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनची १८४६ ची जुनी इमारत आहे. तींत आयोवा आणि सॉक-फॉक्स जमातींच्या मुलांना आणून शिकवीत, आणि पुढें तेथें त्या जमातींचें संग्रहालय झालें. मण्यांचें काम आणि पिसांच्या वस्तु यांमधून प्रवासी हिंडतो तेव्हां त्याला हायलंडची गंमत कळते: एका वर्णाच्या मुलांना बळेंच शाळेंत बसविण्यासाठीं तीन मजली इमारत बांधणाऱ्या पंथानें, स्वतःच्या पायांनीं चालत आलेल्या दुसऱ्या वर्णाच्या मुलाला दारांतून परत पाठविलें.

या नकारानंतर कार्व्हर एकदम पश्चिमेकडे, नेस काउंटींतील ओसाड माळावर गेला. १८६२ च्या कायद्यानें पांच वर्षें जमीन कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे. सरकारी म्हणजे शायेन, अरापाहो इत्यादि जमातींकडून नुकतीच काढून घेतलेली. तेंहि विसरून चालावयाचें नाहीं. १८८६ सालीं बीलर गांवाजवळ कार्व्हरनें अशी जमीन घेतली. झाड म्हणून नाहीं, तेव्हां गवताच्या मुळांनीं घट्ट झालेल्या मातीच्या विटा कापून त्यानें घर रचलें. बैल नव्हते; सतरा एकर जमीन त्यानें हातानें उकरली आणि मका, भाजीपाला व फळझाडें लावलीं. घराला लागून फुलझाडांसाठीं एक लहान कांचघरासारखी जागा केली होती आणि दगडांचा संग्रह मांडला होता. त्या साऱ्या माळावरचें पहिलें संग्रहालय बहुधा तेंच. मातीचें घर कधींच मातीस मिळालें. आज तेथें एक शिलालेख आहे, आणि वारा.

या भागांत माणसांनीं काय काय करून दिवस काढले हें पाहावयाचें तर पूर्वेस लाक्रॉस गांवीं जावें. तेथें कांटेरी तारेचें संग्रहालय आहे. हंसूं येतें, पण तेथें दोन हजारांहून अधिक प्रकारच्या तारांचे तुकडे लावले आहेत आणि प्रत्येक तुकडा म्हणजे कुणाचें तरी डोकें चाललेलें. लांकूड नसल्यामुळें खांबहि दगडाचेच. खाणींतून काढतांना मऊ असणारा आणि उन्हावाऱ्यानें टणक होणारा चुनखडीचा दगड फोडून मैलोगणती खांब उभे केले. उत्तरेस निकोडेमस आहे. केंटकींतून आलेल्या, नुकत्याच गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांनीं १८७७ सालीं तें वसविलें. पहिल्या हिवाळ्यांत तीं माणसें जमिनींत खोदलेल्या बिळांत राहिलीं, आणि शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं त्यांना मांस देऊन जगविलें अशी तेथील परंपरा सांगते. १८८८ सालीं लोहमार्ग गांव टाळून गेला आणि गांव ओसरलें. १९९६ पासून तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. राहणारीं माणसें मोजकीं, पण दर उन्हाळ्यांत दूरदूरच्या शहरांतून वंशज जमतात. कार्व्हर येथें राहिला नव्हता. त्यानें नेस सिटीच्या बँकेकडून शिक्षणासाठीं तीनशें डॉलर कर्ज काढलें आणि माळ सोडला.

येथून आयोवाची हिरवी, उंचसखल भूमि लागते आणि प्रवासाचा रंग पालटतो. विंटरसेट गांवीं प्रवासी येतात ते नट जॉन वेन याचें जन्मघर आणि त्या तालुक्यांतील छप्पर असलेले सहा जुने लांकडी पूल पाहण्यासाठीं. पुलांना एका कादंबरीनें आणि तिच्यावरील चित्रपटानें फार प्रसिद्धि दिली. कार्व्हर येथें एका हॉटेलांत स्वयंपाकी होता. चर्चमध्यें मागच्या बाकावरून येणारा त्याचा गाण्याचा आवाज गांवच्या डॉक्टरांच्या पत्नीनें, मिसेस मिलहॉलंड यांनीं, ऐकला आणि त्याला घरीं बोलावून घेतलें. महाविद्यालयाचें नांवहि न काढण्याचा निश्चय केलेल्या त्या तरुणाच्या त्या मागें लागल्या. पुढें टस्कीगीहूनहि तो या कुटुंबाला पत्रें लिहीत असे.

त्यांच्या आग्रहानें तो १८९० सालीं शेजारच्या इंडियानोला गांवीं सिम्प्सन महाविद्यालयांत दाखल झाला. फी भरल्यावर खिशांत दहा सेंट उरले. पांच सेंटांचें मक्याचें पीठ, पांच सेंटांची चरबी, आणि त्यावर एक आठवडा. मग धुण्याचें काम मिळालें. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनीं त्याचीं फुलांचीं चित्रें पाहिलीं. त्यांतलें वनस्पतींचें ज्ञान पाहून, चित्रकलेवर काळ्या माणसाचें पोट कसें भरणार या काळजीनें, त्यांनीं त्याला आपल्या वडिलांकडे, एम्सच्या कृषिमहाविद्यालयांत उद्यानविद्येच्या प्राध्यापकांकडे, पाठविलें. (इंडियानोलाचें आजचें नांवाजलेलें संग्रहालय आकाशांत उडणाऱ्या फुग्यांचें आहे. त्याचा कार्व्हरशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु तीन संस्थानांची धूळ खाल्लेल्या प्रवाशानें एक तास तेथें काढण्यास हरकत नाहीं.)

एम्स हें कांहीं खेडें राहिलेलें नाहीं. तें महाविद्यालय आज मोठें विद्यापीठ आहे आणि तेथें कार्व्हरच्या नांवाची इमारत आहे. १८९१ सालीं तो आला तेव्हां तो तेथील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि त्याला भोजनगृहांत विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसूं देण्यांत आलें नाहीं. तळघरांत मजुरांबरोबर जेवावें लागलें. हें कळतांच इंडियानोलाच्या मिसेस लिस्टन या बाई चांगला पोशाख करून आगगाडीनें एम्सला आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर महाविद्यालयाच्या आवारांतून हिंडल्या आणि जेवणाच्या वेळीं तळघरांत त्याच्याशेजारीं जाऊन बसल्या. पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हें आपल्याकडे कुणाला समजावून सांगावयास नको, आणि त्या बाईंनीं काय केलें हेंहि. त्यानंतर त्याचे दिवस पालटले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्याचें युक्का व निवडुंग यांचें चित्र लागलें. १८९४ सालीं तो पदवीधर झाला, तेथेंच शिकवूं लागला आणि बुरशीच्या रोगांवर काम करूं लागला. एका प्राध्यापकाचा पांच सहा वर्षांचा मुलगा रानांत फुलें पाहावयास त्याच्याबरोबर जाई. तो हेन्री वॉलेस पुढें अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

१८९६ सालीं कार्व्हरनें एम्सची दुसरी पदवी घेतली, आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून त्यानें टस्कीगीस जाण्याचें ठरविलें. निघतांना एम्सच्या अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं त्याला एक सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिलें. तें बरोबर घेऊन तो दक्षिणेच्या गाडींत बसला.